पट्टा नसलेली गाडी: मुलांच्या कार्ट रेसिंगचे नियम आणि सुरक्षा, पायरीपायरीने

रेसिंग कार्टमध्ये, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या उघड्या गाडीत, पोराला पहिल्यांदा बसवलं की आई-वडील हमखास विचारतात, "पट्टा कुठाय?" मीही विचारला होता. पट्टा नसतोच, आणि तो कुणी विसरलेलाही नसतो. कार्टला छप्पर नाही, पिंजरा नाही. ती उलटली आणि चालक तिला बांधलेला असला, तर सत्तर-ऐंशी किलोचा सांगाडा त्याच्या अंगावर येईल. म्हणून चालक गाडीपासून सुटून बाजूला पडावा, अशीच तिची रचना असते. भाड्याच्या काही कार्टना डोक्यामागे लोखंडी कमान असते आणि सोबत पट्टा असतो. कमान असेल तरच पट्टा, हे दोघं जोडीनेच येतात.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कार्ट मुलाला धरून ठेवणार नाही, म्हणजे त्याला वाचवणाऱ्या गोष्टी तीनच: अंगावरचं सामान, गाडीची तपासणी आणि ट्रॅकवरचं वागणं. पहिल्या दोन बहुतांशी पालकांच्या हातात असतात.

सुरुवात भाड्याच्या कार्टपासून

पोराला वेग आवडतो की नाही, हे आधी भाड्याच्या ट्रॅकवर बघा. तिथल्या गाड्यांना सहसा फोर-स्ट्रोक इंजिन असतं, चारही बाजूंनी बंपर असतो आणि बऱ्याच ठिकाणी कर्मचारी रिमोटने वेग कमी करू शकतो. जाण्याआधी चार गोष्टी बघा: मुलांसाठी वेगळ्या छोट्या गाड्या आहेत का, मुलं आणि मोठे एकाच वेळी ट्रॅकवर सोडतात का (सोडत असतील तर परत या), हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं आणि मुलाच्या मापाचं आहे का, आणि मागचा एक्सल (मागची दोन चाकं जोडणारा दांडा) व चेन झाकलेली आहे का.

ही शेवटची गोष्ट केसांमुळे फार महत्त्वाची. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला एका तरुणीचे केस गो-कार्टच्या मागच्या चाकाकडच्या भागात अडकले आणि तिचा जीव गेला. मागचा एक्सल चालकाच्या पाठीमागे वीतभर अंतरावर फिरत असतो. वेणी आधी घट्ट बांधायची, ती सूटच्या आत किंवा हेल्मेटखालच्या टोपीत, म्हणजे बालाक्लाव्हात, पूर्ण कोंबायची, मगच हेल्मेट. ओढणी, मफलर, हुडीच्या नाड्या, गळ्यातला दोरा-ताईत सगळं काढून ठेवायचं. "एकच फेरी आहे, राहू दे" हे ट्रॅकवर कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

लवकर सुरू केलं नाही तर संधी गेली, अशी घाई बरेच पालक करतात. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या नव्या चालकांच्या शोधमोहिमेत निवडलेल्या तिघांपैकी एक ठरला तेव्हा जेमतेम तेराचा होता. पुढे तो फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खाली, शर्यती जिंकला. सहा वर्षांच्या पोराच्या मानेवर मोठं हेल्मेट चढवण्याची काही गरज नाही.

वय, वर्ग आणि परवाना

भारतात मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना म्हणजे एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया). जागतिक पातळीवर कार्टिंगचे नियम एफआयए ही मोटरस्पोर्टची आंतरराष्ट्रीय संघटना करते. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धेत रोटॅक्स कंपनीच्या मॅक्स इंजिनांचे वर्ग चालतात: लहानांसाठी मायक्रो मॅक्स, मग ज्युनिअर, मग सीनिअर. तिची एखादी फेरी कोल्हापूरला मोहितेज रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवरही होते, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या पालकांनी स्पर्धा बघायला चेन्नई-बंगळूर गाठायची गरज नाही. पोराला उतरवण्याआधी एक पूर्ण दिवस नुसतं बघायला जा. प्रेक्षकांच्या कठड्याशी उभं राहण्यापेक्षा पॅडॉकमध्ये, जिथे गाड्या उघडून ठेवलेल्या असतात, तिथे थांबा.

वर्ग वयावर ठरतो. वयाची मर्यादा आणि ते कुठल्या तारखेला मोजायचं, हे त्या-त्या वर्षीच्या नियमपुस्तकात असतं. मागच्या वर्षीची प्रत चालत नाही. पोर अंगाने थोराड आहे म्हणून वरच्या वर्गात घालू, असं करता येत नाही आणि करूही नये. तिन्ही वर्गांचं इंजिन १२५ सीसी टू-स्ट्रोकच असतं, पण ताकद फार वेगळी. सीनिअर सुमारे ३० हॉर्सपॉवर देतं, ज्युनिअर सुमारे २३. मायक्रोच्या इंजिनाची ताकद तर रिस्ट्रिक्टर, म्हणजे वाट अरुंद करणारा भाग, घालून मुद्दाम अडवलेली असते. "सरावापुरता रिस्ट्रिक्टर काढू, म्हणजे वेगाची सवय होईल" असं सुचवणारे भेटतात. त्या दिवशी तुमच्या पोराच्या गाडीत त्याच्या वयाला न झेपणारी ताकद असते, आणि ते फक्त तुम्हाला आणि मेकॅनिकला माहीत असतं. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या पोराला ते माहीत नसतं.

परवाना दर वर्षी नव्याने काढायचा. जन्मतारखेचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, रक्तगट आणि पालकांची लेखी संमती आधीच तयार ठेवा. प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरांकडून न बघता सही करून घेऊ नका. नजर, दमा, फिट येण्याचा इतिहास, आधी कधी डोक्याला लागलेलं, हे खरोखर तपासून घ्या. चष्मा असेल तर तो हेल्मेटच्या आत बसतो का, आणि काच न फुटणारी आहे का, हेही.

अंगावरचं सामान: पैसे इथे घाला

बजेट कमी असेल तर गाडी जुनी घ्या, टायर जपून वापरा, पण अंगावरच्या सामानात काटकसर नको.

हेल्मेट. रस्त्यावरच्या दुचाकीचं आयएसआय हेल्मेट रेसिंगसाठी बनवलेलं नसतं. मोठ्यांचं रेसिंग हेल्मेटही मुलाला चालत नाही, कारण ते जड असतं. लहान मान, वर जड डोकं आणि अचानक धक्का हा हिशोब वाईट आहे. पंधरा वर्षांखालच्यांसाठी स्नेल (हेल्मेटची मानकं ठरवणारी संस्था) आणि एफआयए यांनी मिळून मुलांसाठी वेगळं मानक केलं: सीएमआर आणि सीएमएस. लेबल हेल्मेटच्या आत, अस्तराखाली असतं. बोटाने अस्तर उचला आणि स्वतः वाचा. २०२४ मध्ये एफआयएने मुलांच्या हेल्मेटसाठी ८८७८-२०२४ हे नवं मानक आणलंय. कुठलं मानक कुठल्या वर्षापर्यंत चालेल, हे खरेदीआधी चालू नियमांत बघा, नाहीतर नवंकोरं हेल्मेट तपासणीच्या टेबलावरून परत येईल.

माप भुवयांच्या थोडं वरून, डोक्याच्या सगळ्यात रुंद भागावरून टेपने घ्यायचं. घातल्यावर गाल किंचित आत दाबले गेले पाहिजेत. हनुवटीचा पट्टा बांधून पोराला मान खाली घालायला सांगा आणि हेल्मेटची मागची कडा धरून पुढे ओढा. निघत असेल, तर ते मोठं आहे. "वाढत्या अंगाचं आहे, एक नंबर मोठं घेऊ" हा युनिफॉर्मचा नियम इथे लावू नका. वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नका. त्याने किती मार खाल्लाय, ते बाहेरून कळत नाही. तुमच्याही हेल्मेटला एकदा जोराचा मार बसला की ते बदलायचं, वरचा रंग जराही उडालेला नसला तरी. आणि हेल्मेटवर कॅमेरा चिकटवायचा नाही, त्याला मनाई असते.

सूट. इथे ओळखीचे लोक चुकीचा सल्ला देतात. कारच्या रेसिंगचा सूट आगीपासून वाचवतो, कार्टचा सूट घासण्यापासून. कार्टचालक गाडीबाहेर फेकला जातो आणि डांबरावरून घसरत जातो. कारचा महागडा सूट तिथे फाटतो. म्हणून कार्टिंगचाच सूट घ्या. मानेपाशी असलेल्या लेबलवर जुन्या सूटना सीआयके-एफआयए २०१३-१, तर नव्या मानकाच्या सूटना एफआयए ८८७७-२०२२ असं लिहिलेलं असतं. बाह्या मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत आले पाहिजेत, बसल्यावरसुद्धा. दुकानात पोराला उभं करून माप बघू नका. खाली बसवा, हात स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे करायला लावा, मग बघा.

बरगड्यांचं संरक्षण. कार्टिंगची एक नेहमीची दुखापत म्हणजे बरगडी. सीट कडक असते, गाडीला सस्पेन्शन नसतं आणि वळणाला सगळा भार एका कुशीवर येतो. यासाठी छातीभोवती घालायचं जॅकेट मिळतं, त्याचं एफआयए मानक ८८७०-२०१८. तुमच्या स्पर्धेत सक्तीचं असो वा नसो, मुलाला ते घालाच. बरगडीला चीर गेली की महिनाभर खोकलंही नको वाटतं, हे मी माझ्या लेकीकडे बघून शिकलो. ते जॅकेट तेव्हा आमच्या बॅगेत पडून होतं. उकडतंय म्हणून तिने घातलं नाही, आणि मी सोडून दिलं.

बाकीचं पटकन: हातमोजे पूर्ण बोटांचे, बूट घोटा झाकणारे आणि नाड्या न लोंबणारे, कानात फोमचे बोळे. मानेची कॉलर सगळीकडे सक्तीची नसते. घेतलीत तर हेल्मेट घालून ती मानेला अडत नाही ना, मुलाला वळून बाजूला बघता येतं ना, हे तपासा.

गाडी: स्वतःच्या हाताने तपासा

आधी सीट. ती मुलाच्या मापाचीच हवी. मांड्या आणि कुशी घट्ट बसल्या पाहिजेत आणि वळणाला अंग हलता कामा नये. मोठ्या सीटमध्ये फोमच्या उशा कोंबून वेळ मारून नेली, तर पोर शरीर सावरायला स्टिअरिंगला लटकतं आणि दहा मिनिटांत हात भरून येतात. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे.

ट्रॅकवर उतरण्याआधी प्रत्येक वेळी, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा, ही फेरी मारायची. मेकॅनिक असला तरी पालकाने मारायची:

- स्टिअरिंग कॉलमचे बोल्ट आणि क्लिपा, टाय-रॉडचे (स्टिअरिंग पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचे) नट. चाकं हाताने धरून हलवा, ढिलेपणा हाताला कळतो.
- ब्रेकचं पेडल कडक लागतंय का. पेडलपासून मास्टर सिलिंडरकडे जाणाऱ्या दांड्याला जोडीला एक सुरक्षा-तार असलीच पाहिजे. दांडा तुटला तर ब्रेक त्या तारेवर चालतो.
- ॲक्सिलरेटर सोडल्यावर पेडल खटकन मागे येतंय का. केबल चिकटली तर ट्रॅकवर पोराच्या हातात काही उरत नाही.
- चेनवरचं झाकण, चेनचा ताण, चारही चाकांचे नट.
- सीटच्या आधारांजवळ आणि सांगाड्याच्या वेल्डिंगपाशी चीर.
- किमान वजन भरायला लावलेलं शिसं. ते सीटला किंवा सांगाड्याला किमान दोन बोल्टनी, हत्यारानेच निघेल असं घट्ट बसवायचं. टेपने चिकटवलेलं शिसं सुटून मागच्याच्या तोंडावर जाऊ शकतं.
- रेडिएटरमध्ये फक्त साधं पाणी. कूलंट सांडलं तर ट्रॅक साबणासारखा होतो, म्हणून त्याला बंदी असते.

ज्याला हात लावून तपासलं, त्यावर रंगाच्या पेनने रेघ मारायची पद्धत चांगली आहे. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

शर्यतीचा दिवस

स्पर्धेची पुरवणी नियमावली आधी येते. ती आदल्या रात्री पोराला शेजारी बसवून वाचा. त्या ट्रॅकवर पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत) शिरायचं कुठून, चूक झाली तर दंड किती सेकंदांचा, टायरचे किती संच वापरायचे, हे सगळं तिथे असतं.

सकाळी नोंदणी, मग स्क्रुटिनिअरिंग, म्हणजे तपासणी. इथे गाडी आणि अंगावरचं सामान दोन्ही बघतात. रोटॅक्सचं इंजिन सीलबंद असतं, सीलचा नंबर आणि इंजिनची कागदपत्रं जुळली पाहिजेत. तपासणी पास झाली म्हणजे गाडी सुरक्षित आहे असं समजू नका. तो अधिकारी सकाळी एकदा बघतो, नट दुपारी ढिला होतो.

मग चालकांची बैठक. ती सक्तीची असते. मूल लहान असेल तर पालकांनीही बसायचं. मोबाइल खिशात ठेवा.

वजन शर्यत संपल्यावर होतं, गाडी आणि चालक मिळून, हेल्मेट-सूटसकट. रोटॅक्सच्या जागतिक नियमांत ज्युनिअरला किमान १४५ किलो लागतात. सकाळी बरोबर १४५ भरलेली जोडी दुपारी कमी भरते, कारण घाम गेलेला असतो, पेट्रोल जळलेलं असतं. पाव किलोने कमी भरलात तरी निकालातून बाहेर. किमान वजनापेक्षा किलोभर जास्तच ठेवा. आणि वजन कमी ठेवायला पोराचं जेवण-पाणी कधीही तोडू नका. उन्हात सूट आणि जॅकेट घालून बसलेल्या मुलाला दर फेरीनंतर पाणी, लिंबू-मीठ-साखर, ओआरएस लागतंच.

झेंडे आणि ट्रॅकवरचं वागणं

झेंडे पोराला इतके यायला हवेत की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगावं. आम्ही घरी रंगीत रुमाल केले होते. लेक जेवत असताना मी एक वर करायचो, तिने लगेच काय करायचं ते बोलायचं.

पिवळा हलता दिसला की पुढे धोका आहे. वेग कमी, ओव्हरटेक बंद, हिरवा दिसेपर्यंत. दोन पिवळे एकत्र हलले तर वेग खूप कमी आणि थांबायची तयारी. लाल म्हणजे शर्यत थांबली. पाय लगेच काढायचा, पण अचानक ब्रेक मारून उभं राहायचं नाही, कारण मागचा येऊन आदळतो. सावकाश, ओव्हरटेक न करता, सांगितलेल्या जागी. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे पुढे तेल किंवा पाणी सांडलंय. पांढरा म्हणजे पुढे सावकाश जाणारी गाडी आहे. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर दिसला तर गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये या. काळा-पांढरा तिरका म्हणजे वागणुकीबद्दल ताकीद. नुसता काळा आणि तुमचा नंबर म्हणजे ट्रॅक सोडून अधिकाऱ्यांकडे जा.

निळ्यावर लहान मुलं सगळ्यात जास्त गडबडतात. मागून फेरीभर पुढे असलेला, वेगवान चालक येतोय, एवढाच त्याचा अर्थ. घाबरून मुलं एकदम बाजूला होतात आणि मागच्याने नेमकी तीच बाजू धरलेली असते. मुलाला एवढंच शिकवा: आपला मार्ग सोडू नकोस, आडवं येऊ नकोस, तो स्वतः वाट काढेल.

गाडी गिरकी खाऊन थांबली तर ब्रेक दाबून धरायचा, हात उंच करायचा आणि सगळे पुढे जाईपर्यंत गाडी हलवायची नाही. मार्शलने (ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या सुरक्षा-कर्मचाऱ्याने) खूण केल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठलं की थेट कठड्यामागे. वेग कमी करून पिटकडे वळतानाही हात वर. अंगठे स्टिअरिंगच्या कड्यात गुंतवून धरायचे नाहीत. चाकाला धक्का बसला की कडं झटक्याने फिरतं आणि अंगठा मोडतो. गाडी उलटायला लागली तर हात बाहेर टेकवायचा नाही, अंग आखडून घ्यायचं.

धक्काबुक्कीबद्दल. समोरचा प्लॅस्टिकचा बंपर २०१५ पासून आंतरराष्ट्रीय कार्टिंगमध्ये मुद्दाम सैल पकडीवर बसवतात. पुढच्याला ठोसलं की तो आत सरकतो, आणि सरकलेला दिसला की पाच सेकंदांचा दंड. अंतिम रेषेआधी पायाने पुढे ढकलून तो जागेवर आणायचा प्रयत्न करणाऱ्याला त्याहून मोठी शिक्षा. कठोर वाटतं, पण "ठोकून वाट काढ" असं शिकवणाऱ्यांना त्याने आळा बसला. तुमचा प्रशिक्षक तसं शिकवत असेल, तर प्रशिक्षक बदला.

अपघात झाला तर

तुम्ही धावायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, पण चालू ट्रॅकवर शिरलेला बाप आणखी एका अपघाताला कारण होतो. मार्शल आणि डॉक्टर जातात. मूल निपचित असेल तर हेल्मेट कुणी ओढून काढायचं नाही, ते प्रशिक्षित माणसांचं काम.

डोक्याला मार बसल्याची नुसती शंका असली तरी त्या दिवशी पुन्हा गाडीत बसवायचं नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, उजेड सहन न होणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उगाच रडू येणं किंवा गप्प होणं, यातलं एकही पुरे. मूल "मी ठीक आहे" म्हणेल, कारण त्याला अंतिम शर्यत हवी असते. त्याचं ऐकू नका. परत ट्रॅकवर कधी, ते डॉक्टर ठरवतील, आणि शाळा-अभ्यास त्रासाशिवाय सुरू झाल्यावरच.

तुमचं वागणं

निकाल चुकीचा वाटला तर तक्रार लेखी, ठरलेल्या वेळेत आणि फी भरून करायची. अधिकाऱ्यांशी आरडाओरडा केलात तर शिक्षा मुलाला होते, कारण संघातल्या प्रत्येकाच्या वागण्याची जबाबदारी मुलाच्या प्रवेशिकेवर, म्हणजे स्पर्धेतल्या नोंदीवर, येते. पंधरा मिनिटं पाणी पिऊन या, मग ठरवा.

घरी आल्यावर सूट वाळवा, हेल्मेटचं अस्तर काढून धुवा, आणि एका वहीत लिहा: काय ढिलं निघालं, काय बदललं, पोराला कुठे दुखलं. दर तीन-चार महिन्यांनी त्याच वहीत मुलाची उंची, वजन आणि डोक्याचं माप टाका. पोरं सुट्टीत दोन बोटं वाढतात. गेल्या हंगामात मापात बसलेली सीट या हंगामात नेमकी बरगडीच्या कडेवर येते, आणि हे मूल स्वतःहून सांगत नाही. पहिल्या सरावाला कार्ट ट्रॅकवर नेण्याआधी ती अंगणात ठेवा, मुलाला पूर्ण सामान घालून बसवा, आणि सीटची कडा त्याच्या कुशीत कुठे लागते, ते स्वतःच्या हाताने चाचपून बघा.